आंबटेंभची कुलपं

२८ मार्च

भेग खरीच आहे. आज सड्यावर जाऊन बघून आले.

दत्ताने हात घातला तर कोपरापर्यंत आत गेला. मग काठी सोडली — तळ लागलाच नाही! आम्ही भेगेच्या कडेकडेने चालत राहिलो, ती काही संपेना. करवंदीच्या जाळीत शिरली तेव्हा नाद सोडला.

लोक म्हणतात आंबटेंभ डोंगराच्या कुशीत आहे. कूस कसली! खुंटीला पिशवी अडकवावी तसं अडकवलंय गाव. डोक्यावर कातळाचा सडा, पायाखाली रान, रानाखाली खाडी. खाडीच्या तोंडाशी करंजबंदर — माझं माहेर. माझ्या अंगणातून त्यांच्या होड्या दिसतात.

उतरताना दत्ता म्हणाला, "सरपंच तू. आता वर कळवायला लागणार." जशी काही भेग मीच पाडली. चारचौघांत मी त्याला अहो म्हणते, इथे वहीत कशाला म्हणू. नवरा आहे, पण आज राग आला.

२ एप्रिल

ग्रामसेवक केतन भाऊसाहेब आले. तरुण आहे, चढण चढून घामाघूम. "मॅडम, गावाचा इतिहास, भूगोल, लोकसंख्या — दोन पानांत द्या. पुनर्वसनाच्या प्रस्तावाला जोडायचंय."

भूगोल तुमच्या पायांना कळलाच असेल, म्हटलं.

इतिहासासाठी सासूबाईंना विचारलं. येसूबाई म्हणजे गावातलं सगळ्यात जुनं माणूस. त्या नाचणी निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "इतिहास कसला गो? खाडीचा बांध फुटला, भातात खारं पाणी शिरलं. माणसं वर पळाली. वर पोट भरलं, मग ऱ्हायली. झाला इतिहास." भाऊसाहेबांनी लिहिलं — 'गाव अंदाजे दीडशे वर्षांपूर्वी वसले.'

लोकसंख्येला मात्र अडलो. घरं एकतीस. चूल पेटते चौदा घरांत. बाकीच्यांना कुलूप. कोणी न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात, कोणी नवी मुंबईत, एक तर पार सुरतेला. शिमग्याला नि गणपतीला दारं उघडतात, झाडलोट होते, मूर्ती पाण्यात गेली की परत कुलूप. कागदावर सगळे इथलेच. शाळा दोन वर्षांमागे बंद झाली. वर्गात आता पेंढा भरतात.

भाऊसाहेब म्हणाले, "मग किती लिहू?"

मी म्हटलं, चहा घ्या आधी.

११ एप्रिल

भूगर्भवाली बाई आली. मृणाली नाव. माझ्या भाचीच्या वयाची असेल. दोन दिवस सड्यावर यंत्रं लावून बसली, उन्हात नाक सोलवटून घेतलं. गावातल्या बायकांना आवडली, कारण भाकरी वाढली तर लाजली नाही, दुसरी मागून घेतली.

जाताना मला बाजूला घेऊन बोलली. "ताई, ही वरवरची पाहणी आहे. खोलवरचं काम व्हायचंय, पक्का अहवाल यायला वेळ लागेल. पण आत्ता मला विचाराल तर, या पावसात मी माझ्या आईला इथे झोपू देणार नाही."

ती फाट्यावर पोचायच्या आत हे वाक्य गावभर झालं.

१९ एप्रिल

तालुक्याला बैठक. जागा ठरवली म्हणे! नकाशा पसरून साहेबाने बोट ठेवलं. करंजबंदरच्या टोकाची सरकारी जमीन. सपाट, रस्त्याला लागून, पाणी जवळ.

मी म्हटलं, ती मोकळी नाही. तिथे आमच्या — करंजबंदरच्या बायका मासळी वाळवतात. माझी आजी वाळवायची.

"सातबाऱ्यावर सरकार आहे ना? मग मोकळी."

'आमच्या' म्हणाले मी. वीस वर्षं झाली वर येऊन, अजून जिभेला कळत नाही.

२२ एप्रिल

काही केलं नाही. भांडी घासली.

२६ एप्रिल

माहेरी जाऊन आले. भिकूदादा मच्छीमार सोसायटीचा चेअरमन. त्याच्या संमतीशिवाय तिथे खुंटीही ठोकता येणार नाही, सरकार काही म्हणो.

मी कोळ्याची पोर कुणब्याच्या घरात पळून गेले, तेव्हा दादा सहा वर्षं बोलला नव्हता. बाबा गेले त्या दिवशी बोलायला लागला. ते बोलणं मी फार जपलंय. आज पायरीवर बसले आणि आधीच रडू येईल की काय असं झालं.

दादा जाळं शिवत होता. "मागाया आलीस का सांगाया?"

"मागायला."

"पावसात बघशील तर रिकामीच दिसल ती जागा. म्हणून मोकळी हाय काय? दसरा झाल्यावर ये. पाय ठेवाया जागा न्हाय. जवळा, बोंबील, सगला तिथंच. आमचे बायकांनी मग काय रस्त्यावर वाळवायचा?"

मी स्वतः तिथे कावळे हाकत मोठी झाले.

आई आतून आली. वेणूबाई माझी आई, कमरेतून वाकलीय आता, पण अजून टोपली उचलते. माझ्याशेजारी बसली फक्त.

गाठ आवळून दादा म्हणाला, "वर ऱ्हातात किती?"

"चौदा घरं."

"चौदांना देऊ. आमी सरकून घेऊ. पन जे कुलूप लावून गेलं त्यांना न्हाय. त्यांना शहरात घरं, हितं पन प्लॉट? त्यांच्यापायी आमचे बायकांचं पोट न्हाय मारनार. शबूद दे."

शब्द दिला.

परत येताना आईने जवळ्याची पुडी हातात ठेवली. चढणीवर चार वेळा बसले. पूर्वी एकदम चढायचे.

१ मे

ग्रामसभा. देवळात. सांगून टाकलं — जे राहतात त्यांनाच प्लॉट. सरकारचंही तेच म्हणणं आहे, चोवीस जूनला पंचनामा, त्या दिवशी जे घर वापरात दिसेल ते पात्र.

तेवढ्यात दिराचा फोन. मितेश, न्हावा शेव्याला असतो. कोणीतरी फोन मोठ्याने लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "वहिनी, मी काय परका आहे का? घरपट्टी भरतो ना दरसाल? गणपती माझ्या घरात बसतो. आणि तुम्ही, वीस वर्षांपूर्वी आलेल्या, तुम्ही ठरवणार गावचा कोण ते?"

दत्ताचा सख्खा भाऊ. मी त्याच्याकडे बघितलं तर तो घंटेकडे बघत होता.

शेवटी येसूबाई म्हणाल्या, "तो फोन बंद कर आधी. बोलायचं तर हितं येऊन बोल म्हणावं."

१८ मे

आला की! मितेश, त्याची बायको रचना, पोरं, गादी, गॅसची शेगडी, पंखा. कुलूप गंजलं होतं, दगडाने फोडलं. मला बघून रचना हसली. मितेश हसला नाही. "आता राहतोय आम्ही. लिहून घ्या."

त्याच्या मागोमाग आणखी दोन घरं उघडली.

३० मे

गाव भरलं!

एकूणएक कुलूप निघालं. सुरतेचा माणूससुद्धा आला, बायकोला मराठी धड येत नाही. संध्याकाळी सगळीकडून धूर. पोरं शाळेच्या अंगणात क्रिकेट खेळतात. विहिरीवर भांडणं — पहिल्या नंबरावरून! कोणी दाराला रंग काढला, कोणी फ्रिज आणलाय. आमच्याकडे वीज टिकते कुठे, तो त्यात कपडे ठेवतो. देवळात आरतीला गर्दी. येसूबाई ओट्यावर बसून एकेकाला नाव विचारतात नि आजाचं नाव सांगून मोकळ्या होतात. म्हणाल्या, "माझ्या लग्नात असं होतं गाव."

मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. भाकऱ्या थापताना गाणं आलं तोंडात.

मग दळण घेऊन बाहेर आले आणि वर सड्याकडे नजर गेली. इतकी वर्षं हाका मारल्या तेव्हा कोणी आलं नाही. आता डोंगर फाटल्यावर आले, पोराबाळांसकट, त्याच्याखाली झोपायला.

आणि आणलं कोणी? मी दिलेल्या शब्दाने.

७ जून

रचना भांडी घेऊन विहिरीवर भेटली. मला वाटलं टोमणा मारेल.

ती म्हणाली, "वहिनी, तिकडे एक खोली आहे. वर पत्रा. रात्रंदिवस ट्रेलर जातात, भिंत हलते. मालक अकरा महिन्यांनी बाहेर काढतो, मग दुसरी खोली. घर म्हणायला आमच्याकडे हेच एक होतं, ते तुम्ही खोडलंत." रागाने नाही म्हणाली. तिचा घडा भरला, माझ्या डोक्यावरचा सावरून दिला आणि गेली.

तिचंही खरं. दादाचंही खरं. सगळ्यांचंच खरं आहे. थकले मी या खऱ्याने.

१५ जून

चार दिवस सलग पाऊस. झऱ्याचं पाणी लाल झालंय. देवळामागे जांभळीचं झाड कललं. दत्ता सड्यावर जाऊन आला, म्हणाला भेगेत पाणी उतरतंय, आवाज येतो.

घरोघर फिरले. खाली चला, चार दिवस बंदरावर, सोय करते. कोणी हलेना. "चोवीसला पंचनामा झाला की लगेच जातो." मुळातली चौदा घरंही हलेनात. हे आत, आपण बाहेर, म्हणजे आपलाच नंबर जायचा!

तालुक्याला फोन केला. पंचनामा आजच करा. "मॅडम, तारीख जाहीर झाली आहे." तर मग तारीख रद्द करा. "तसं आमच्या हातात नाही."

१९ जून

हात दुखतोय पण लिहिते. उद्या आठवणार नाही धड.

सकाळी पावसाचा लाल इशारा आला. दुपारी जांभळीचं झाड पडलं, आडवं, आवाज न करता. मातीने सोडून दिलं त्याला. सगळे बघायला जमले. मी ओरडले — निघा आता! मितेश पुढे आला. भिजलेला, पोरगी कडेवर. "निघतो. आधी दाखला द्या. आम्ही इथले रहिवासी आहोत असा. नाहीतर आम्ही निघालो की तुम्ही कुलूप लिहाल."

मागून बाकीचे — "हां, दाखला! दाखला!"

केतन भाऊसाहेब नशिबाने वर आले होते. म्हणाले, "मॅडम, दहा वर्षं सलग राहतात असं लिहावं लागतं. मी सही करणार नाही. तुम्हीही करू नका, पद जाईल."

पद! मला हसू आलं.

दादाचा चेहरा मात्र आला डोळ्यांपुढे. जाळं शिवणारा. 'शबूद दे.'

देवळात बसले. भाऊसाहेबांनीच शेवटी कोरे कागद पुढे सरकवले आणि तोंड फिरवलं. लिहीत गेले. नाव, घर, 'दहा वर्षांपासून सलग राहत आहेत', सही, शिक्का. सुरतवाल्यालाही दिला. मितेशला दिला तेव्हा त्याने वाचला, घडी घालून प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि सरळ जाऊन येसूबाईंना पाठीवर घेतलं. त्याचीच आई. एवढं कागदावाचून होत नव्हतं का रे?

उजेड होता तोवर सगळे उतरलो. पाऊलवाट म्हणजे ओढा झाला होता. दत्ता पुढे दोरी धरून, मी सगळ्यात मागे. म्हातारी, पोरं, बकऱ्या, फ्रिजवाला फ्रिज सोडून. एकही माणूस वर ठेवलं नाही. घरोघर डोकावून आले.

बंदरावर मासळीच्या लिलावाची शेड डोंगराला टेकून आहे, मोठी, पक्की. दादा चावी घेऊन उभा होता. माणसं येत राहिली, येत राहिली. तो एकेका तोंडाकडे बघत होता.

"चौदा म्हनालीस."

"दादा, ते निघत नव्हते. दाखले दिले मी. सगळ्यांना."

त्याने शेड उघडली. दिवा लावून दिला. घरातून ताडपत्र्या आणवल्या. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "पाऊस थांबूदे. मग बोलू. भाऊ-भईन म्हनून न्हाय. सोसायटी नि सरपंच म्हनून."

आईने मोठ्या टोपात पेज आणली. बंदरच्या बायका वाढत होत्या. ज्यांची जागा जाणार त्याच.

२१ जून

पाऊस थांबला. डोंगर जिथल्या तिथे.

एक दगडसुद्धा आला नाही! शेडमध्ये कोणीतरी म्हणालं, "सरपंचबाईंनी फुकट पळवलं." सगळे हसले. मीही हसले. अंग इतकं दुखत होतं की हसताना कळ आली.

२३ जून

शेड रिकामी करून वर आलो आणि कुलपं लागली. दाखला आहे ना खिशात, मग पंचनाम्याला कोण थांबतंय? कामावर रजा नाहीत. मितेश जाताना पाया पडला. रचना म्हणाली, "गणपतीला येतो."

विहिरीवर आता कोणी भांडत नाही.

२७ जून

पंचनाम्यापाठोपाठ दोन कागद आले. एक चौकशीची नोटीस, खोटे दाखले दिल्याबद्दल. दुसरा करंजबंदरच्या सोसायटीचा ठराव — आंबटेंभच्या एकाही घराला जागा देणार नाही. चौदांनाही नाही. पहिली सही भिकू. त्याची सही ओळखते, मीच शिकवली होती पाटीवर.

दत्ताने दोन्ही वाचले. म्हणाला, "मी असतो तर दिले नसते दाखले." चुलीतली लाकडं मागे ओढली. मग म्हणाला, "आणि माणसंही खाली आली नसती."

एवढं बोलला, खूप झालं.

९ जुलै

चौदा घरं वरच. जायचं कुठे? पाऊस आला की म्हाताऱ्या देवळात येऊन बसतात, तेवढीच सावधगिरी. येसूबाई म्हणतात, "मी आता उतरायची न्हाय. उतरवाल तेव्हा चौघांनी उतरवा."

दादाला तीनदा फोन केला. उचलला नाही. आईचा फोन त्याच्याकडेच असतो.

१४ जुलै

चौकशीला जाऊन आले. होय म्हटलं. माझीच सही. साहेब म्हणाले, कोणाचा दबाव होता का? डोंगराचा, म्हणणार होते. कशाला उगीच. पाणी मागितलं, प्याले, आले.

२३ जुलै

मृणाली आली. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं म्हणे, पावसातून चढून आली. पक्का अहवाल झालाय. आंबटेंभ सबंध कातळावर आहे, गावाला धोका नाही. जांभळीखालची माती सैल होती, तेवढंच. सरकतोय तो डोंगराचा दुसरा उतार, खाडीच्या तोंडाकडचा; भेग करवंदीतून तिकडेच गेलीय. येईल तेव्हा करंजबंदरावर येईल. पहिली लिलावाची शेड.

त्या दिवशी मी गावातलं एकूणएक माणूस घरांत डोकावून शोधलं, आणि नेऊन तिथे बसवलं.

दादा फोन उचलत नाही. येसूबाई म्हणाल्या, "शाळेतला पेंढा काढा, वर्ग झाडा. बंदरावरची पोरं निजतील." दत्ताने दोरी घेतलीय. मी निघते खाली. दादा ऐकेल का माझं?